ठाण्याचा चार्ज घेताय? आधी घड्याळ जुळवा

माझ्या हाताखाली पीएसआय, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, म्हणून आलेली पोरं आता पोलीस ठाण्याचे प्रभारी होऊ लागली आहेत. बदलीची ऑर्डर निघाली की फोन येतो, "सर, चार्ज घेतोय, काही सांगा." अभिनंदन वगैरे झालं की मी एकच विचारतो, "मुदतींचा तक्ता लावलास का?" पलीकडे थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग पुढचा अर्धा तास जे बोलणं होतं, तेच इथे लिहून काढलंय.

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. गाजावाजा झाला तो कलमांच्या आकड्यांचा. तीनशे दोनचं एकशे तीन, चारशे वीसचं तीनशे अठरा, तीनशे सातचं एकशे नऊ. आकडे महिन्याभरात पाठ होतात. प्रभारीच्या मानेवर बसलेला खरा बदल नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे कार्यपद्धतीच्या कायद्यात आहे, आणि तो वेळेचा आहे. पूर्वी बऱ्याच ठिकाणी 'विनाविलंब' या शब्दावर भागायचं. आता तास आणि दिवस मोजून दिलेत. आरोपीचा वकील सगळ्यात आधी तेच मोजतो.

एक लक्षात असू द्या: घटना १ जुलै २०२४ च्या आधीची आणि गुन्हा आज दाखल होत असेल, तर कलमं जुन्या भादंविची, म्हणजे भारतीय दंड संहितेची लागतात, कार्यपद्धती मात्र नागरिक सुरक्षा संहितेची. फसवणुकीच्या जुन्या व्यवहारांत अजूनही इथेच चूक होते.

पहिला दिवस: आधी मुद्देमाल, मग खुर्ची

माझ्या दुसऱ्या ठाण्यात मी मुद्देमाल न मोजता चार्ज रिपोर्टवर सही केली. आधीच्या साहेबांना ट्रेन पकडायची होती आणि मला मोठेपणा करायचा होता. सहा महिन्यांनी कोर्टातून पत्र आलं, अमुक गुन्ह्यातला मुद्देमाल हजर करा. रजिस्टरला नोंद होती, 'सोन्याचे मणी, सीलबंद पाकीट'. खोलीत पाकीट नव्हतं. तीन रात्री मी आणि मुद्देमाल कारकून पोती उपसत बसलो होतो. शेवटी ते एका भलत्याच गुन्ह्याच्या गोणीत, गंजलेल्या कोयत्यांखाली सापडलं. लेबल उंदरांनी खाल्लेलं, लाखेचं सील तेवढं शाबूत. सील होतं म्हणून वाचलो.

म्हणून पहिल्या दिवशी सत्काराचे हार बाजूला ठेवा आणि रजिस्टर घेऊन मुद्देमाल खोलीत जा. रोख रक्कम, दागिने, अमली पदार्थ आणि शस्त्रं या चार गोष्टी नगानग मोजा. ठाण्याची स्वतःची हत्यारं आणि काडतुसंही मोजा. बाकीचं पंधरवड्यात झालं तरी चालेल, पण 'मोजणी बाकी' असा शेरा चार्ज रिपोर्टवर तारखेसह लिहा. आधीच्या अधिकाऱ्याला राग आला तर येऊ द्या.

आवारात सडणाऱ्या गाड्यांचंही बघा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ प्रमाणे मुद्देमाल न्यायालयापुढे आला की १४ दिवसांत त्याचं वर्णन तयार व्हायचं आहे, फोटो आणि व्हिडिओ काढायचे आहेत आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश व्हायचा आहे. आदेश न्यायालयाचा असला तरी अर्ज आणि पाठपुरावा आपला. कोर्ट कारकुनाला दर आठवड्याला पाच गाड्यांचं काम द्या. वर्षभरात आवारात कवायत घेण्यापुरती जागा होते.

दुसरा दिवस: तक्ता

आपल्या केबिनमध्ये, आपल्याला बसल्या जागी दिसेल असा पांढरा फळा लावा. त्यावर या मुदती कायमच्या रंगवून घ्या:

- ऑनलाइन आलेली तक्रार: तक्रारदाराची सही ३ दिवसांत, मग नोंद.
- प्राथमिक चौकशी: १४ दिवस, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने.
- अटक ते न्यायालय: २४ तास, प्रवासाचा वेळ सोडून.
- न्यायालयाच्या वॉरंटविना घेतलेली झडती: नोंदीच्या प्रती ४८ तासांत दंडाधिकाऱ्यांकडे.
- अकस्मात मृत्यूचा अहवाल: २४ तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे.
- बलात्कार आणि पोक्सोतल्या लैंगिक अत्याचाराचे गुन्हे: तपास २ महिन्यांत.
- तक्रारदाराला किंवा पीडिताला तपासाची प्रगती: ९० दिवसांत.
- आरोपी कोठडीत असताना दोषारोपपत्र: गुन्ह्याच्या शिक्षेनुसार ६० किंवा ९० दिवस.

फळ्याच्या उरलेल्या भागात कोठडीतल्या प्रत्येक आरोपीचं नाव, अटकेची तारीख आणि साठावा वा नव्वदावा दिवस. हा भाग रोज सकाळच्या हजेरीनंतर स्वतः पुसून स्वतः लिहा, रायटरवर, म्हणजे लिखापढी करणाऱ्या अंमलदारावर सोडू नका. दोषारोपपत्र एक दिवस उशिरा गेलं आणि आरोपी मुदत चुकल्याच्या जामिनावर सुटला, तर वर्तमानपत्रात नाव रायटरचं येत नाही.

तक्रारदार दारात उभा असताना

हद्दीचा वाद घालू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे (पुढे नुसतं कलम म्हटलं की ते याच संहितेचं) गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती आपल्याला नोंदवावीच लागते. शून्य नंबरने दाखल करा आणि ज्याची हद्द आहे त्या ठाण्याकडे वर्ग करा. ठाणे अंमलदाराला पहिल्याच हजेरीत हे सगळ्यांसमोर सांगा, कारण "ते नदीपलीकडे येतं" हे वाक्य प्रभारीच्या नकळत तिथेच बोललं जातं. एफआयआरची प्रत तक्रारदाराला किंवा पीडिताला मोफत द्यायची असते, हेही तेव्हाच सांगा.

गुन्हा दखलपात्र दिसत असेल तर दाखल करणं बंधनकारक, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालापासून पक्कं आहे. नव्या संहितेनं एक खिडकी उघडली आहे: ३ वर्षं किंवा अधिक, पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, प्रथमदर्शनी काही आहे का हे बघायला १४ दिवसांची चौकशी. परवानगी आधी घ्यावी लागते, नंतर नाही. तक्रारदाराला वाटेला लावण्यासाठी ही खिडकी वापरलीत तर तो वरिष्ठांकडे आणि तिथून दंडाधिकाऱ्यांकडे जाईल, आणि जायलाच हवा. तिचा खरा उपयोग सोशल मीडियावरच्या पोस्टच्या तक्रारींत आहे. संध्याकाळी साठ-सत्तर जणांचा जमाव ठाण्यात येतो, "आत्ताच्या आत्ता गुन्हा दाखल करा." मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कवितेच्या पोस्टवरून दाखल झालेला गुन्हा रद्द करताना सांगितलं की, भाषण-लेखनाच्या अशा प्रकरणांत शिक्षा या चौकटीत बसत असेल तर आधी ही चौकशी करणं योग्य. जमावाला हे शांतपणे सांगा, अर्जाची पोच द्या, त्याच रात्री परवानगीचं पत्र पाठवा.

अदखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे एनसीची, पावती देऊन विसरायचे दिवसही गेले. एनसीच्या दैनंदिन डायरीचा अहवाल आता दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा आहे. शिवाय एनसीचं रजिस्टर प्रभारीनं स्वतः वाचावं. एकाच गल्लीतल्या त्याच दोन घरांच्या तीन एनसी महिन्यात दिसल्या, तर चौथ्या वेळी कुऱ्हाड निघते. बीट अंमलदाराला आजच पाठवा आणि शांतता राखण्याच्या हमीपत्रासाठी कलम १२६ ची, म्हणजे जुन्या १०७ ची, कारवाई सुरू करा.

साक्षीदार बोलावतानाही एक बदल झालाय. महिला, १५ वर्षांखालचे आणि ६० वर्षांवरचे पुरुष, दिव्यांग, गंभीर आजारी यांना ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पुरुषांसाठी पूर्वीची मर्यादा ६५ होती. जबाब त्यांच्या घरी जाऊन घ्यायचा.

अटक: इथे घाई केलीत तर केस गेली

सगळ्यात जास्त फोन मला याच विषयावर येतात, बहुतेक रात्री दोनच्या सुमारास. आरोपी सापडलेला असतो, पथक खुशीत असतं आणि प्रभारीच्या पोटात गोळा असतो.

अटक गरजेची आहे का, हा पहिला प्रश्न. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून अटकेची कारणं कागदावर लिहावी लागतात. बऱ्याचदा अटकेऐवजी हजर राहण्याची कलम ३५(३) ची नोटीस पुरते. ती हातात द्या. ठाण्यात सर्रास नोटिसा व्हॉट्सॲपवर टाकल्या जायच्या, पण जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चालणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. निळ्या टिक्स पोच म्हणून चालत नाहीत. शिक्षा ३ वर्षांपेक्षा कमी आणि माणूस ६० च्या वरचा किंवा दुर्बल असेल, तर उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय हात लावू नका.

दुसरी गोष्ट अगदी अलीकडची. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरवून दिलं की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं आरोपीला लेखी द्यायची, आणि त्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची. घटनास्थळी अगदीच शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हातात पडलाच पाहिजे. नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात.

'कारणं' म्हणजे काय, हे पथकाला समजावून सांगा. "गुन्ह्याच्या तपासकामी अटक आवश्यक" हा छापील मजकूर म्हणजे कारण नाही. कारण असं लिहायचं: अमुक तारखेला अमुक वाजता अमुक ठिकाणी तुम्ही फिर्यादीच्या डोक्यात लोखंडी गज मारला असा साक्षीदाराचा जबाब आहे, गज अजून मिळालेला नाही. त्या माणसाला लागू होईल आणि दुसऱ्या कुणाला लागू होणार नाही, असं. आरोपी हिंदी किंवा तेलुगू बोलणारा असेल तर त्या भाषेतला कागद लागेल. आपल्या ठाण्यात कोणाला कोणती भाषा लिहिता येते याची यादी करून ठेवा. मला एकदा कन्नड लिहिणारा माणूस आमच्याच वायरलेस रूममध्ये सापडला होता, आणि मी बाहेर दुभाषी शोधत फिरत होतो.

बाकीचं ठरलेलं: अटक पंचनाम्यावर नातेवाइकाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, घरच्यांना कळवल्याची स्टेशन डायरीला नोंद, लगेच वैद्यकीय तपासणी. महिलेला सूर्यास्तानंतर अटक अपवादानेच, तीही महिला अधिकाऱ्यामार्फत आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन. बेड्यांची मुभा कलम ४३ मध्ये आली आहे, पण ती सराईत, कोठडीतून पळालेले आणि खून, बलात्कार, संघटित गुन्हेगारी अशा ठरावीक गुन्ह्यांपुरती. 'वापरता येईल' आणि 'वापरावी' यात फरक आहे. कलम ३७ प्रमाणे अटकेतल्यांची माहिती ठेवायला सहायक फौजदार किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी नेमायचा आणि ती ठाण्यात ठळकपणे लावायची.

अल्पवयीन मुलगा असेल तर लॉकअप नाही, बेडी नाही. ठाण्यातला बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहे हे पहिल्याच दिवशी विचारा. अनेक ठिकाणी ते नाव फक्त फलकावर असतं आणि माणूस बदलून गेलेला असतो.

आणि लॉकअपचे कॅमेरे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये ठाण्याचा कोणताही भाग सुटणार नाही असे, आवाजासह रेकॉर्ड करणारे कॅमेरे आणि १८ महिन्यांचं रेकॉर्डिंग सांगितलं. ते चालू ठेवायची जबाबदारी प्रभारी अधिकाऱ्यावर टाकली. सप्टेंबर २०२५ मध्ये बंद कॅमेऱ्यांची न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. कॅमेरा बिघडला की त्याच तासाला डायरीला नोंद आणि वरिष्ठांना पत्र. "त्या दिवशी नेमका बंद होता" हे वाक्य कोणाच्याही तोंडून खरं वाटत नाही.

पुरावा: मोबाईल काढा, पण नीट

झडती आणि जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवं. ई-साक्ष्य ॲप त्यासाठीच आहे. वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदतं. ज्या हवालदाराला ते जमत नाही त्याची हेटाळणी करू नका. शनिवारी दुपारी ठाण्यातच खोटी झडती लावा, टेबलाच्या खणातून चाव्या जप्त करायला लावा. दोन शनिवारांत सगळे तयार होतात.

७ वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी येणं संहितेत आलं आहे. त्याच्या अंमलासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची सवलत आहे. व्हॅन येईपर्यंत जागा राखणं हे आपलं काम, आणि ते सगळ्यात अवघड, कारण पुढाऱ्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना आत डोकवायचं असतं. गाडीत दोरीचं एक बंडल कायम ठेवा.

आता सीसीटीव्ही फुटेज. एका घरफोडीत दुकानातल्या कॅमेऱ्यात चोर रात्री १ वाजून ५२ मिनिटांनी जाताना दिसत होता आणि आरोपीच्या मोबाईलचं लोकेशन त्या वेळी भलतीकडे होतं. पथक हिरमुसलं. नवीनच आलेल्या एका पोलीस शिपाई मुलीनं डीव्हीआरच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरच्या, पडद्यावरचं घड्याळ आणि स्वतःचं मनगटी घड्याळ शेजारी धरलं. डीव्हीआर २३ मिनिटं मागे. सगळं जुळलं. तेव्हापासून माझा नियम: फुटेज घेताना डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ दोन्ही पंचनाम्यात लिहायच्या, पडद्याचा फोटो काढायचा. शिवाय बहुतेक डीव्हीआर काही दिवसांत जुनं पुसून त्यावरच नवं लिहितात, म्हणून 'उद्या घेऊ' चालत नाही.

साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, म्हणजे जुनं ६५-ब, आता दोन भागांत आहे. भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, म्हणजे इथे दुकानदारानं. भाग ब तज्ज्ञानं. दोन्हीत फाइलची हॅश व्हॅल्यू येते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. पेन ड्राइव्हवर प्रत घेतल्या घेतल्या पंचांसमोर तो काढा आणि पंचनाम्यात अक्षर न अक्षर उतरवा.

पैसे गेल्याची तक्रार

सायबर फसवणुकीत पहिले काही तासच खरे. माणूस ठाण्यात आला की त्याची सगळी कहाणी ऐकत बसण्याआधी अंमलदारानं १९३० हा सायबर हेल्पलाइन नंबर लावायचा आणि राष्ट्रीय सायबर पोर्टलवर नोंद करायची. व्यवहार क्रमांक, बँक, वेळ. गुन्ह्याची लेखी प्रक्रिया त्यानंतर. पैसे एका खात्यातून दहा खात्यांत पसरतात. वाटेत जे थांबेल ते न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकतं, जे एटीएममधून निघालं ते गेलं. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही अटक कायद्यात नाही, हे वाक्य मोठ्या अक्षरात ठाण्याच्या दारावर लावा. निवृत्त शिक्षक आणि डॉक्टरही फसलेले मी पाहिलेत. ते लाजेनं दोन दिवस बोलत नाहीत, आणि ते दोन दिवसच महागात पडतात.

तपास कोणाकडे द्यायचा ते बघा. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं लावली असतील तर कलम ७८ प्रमाणे तपास पोलीस निरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा. सवयीनं पीएसआयकडे दिलेली फाइल कोर्टात याच एका मुद्द्यावर लंगडी पडते.

बंदोबस्त वगैरे

हे तुम्हाला येतंच, फार लिहीत नाही. जुने आकडे बदलून घ्या: जमावबंदीच्या १४४ चं १६३, प्रतिबंधात्मक नोटिशीच्या १४९ चं १६८, प्रतिबंधात्मक अटकेच्या १५१ चं १७०, सराईतांच्या हमीपत्राच्या ११० चं १२९. तडीपारीचे प्रस्ताव महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ खालीच जातात. त्यात पाच वर्षांपूर्वीचे गुन्हे मोजून भर घालू नका, अलीकडचे आणि एकमेकांशी धागा असलेले गुन्हे दाखवा. लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, आणि तक्रारदाराची ओळख न विचारता, न सांगता कारवाई करायची असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. मंडळाच्या पोरांना "कोणी तक्रार केली" हे सांगणारा अंमलदार आपल्याच ठाण्यात असतो. शोधा.

माणसं

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २२-न प्रमाणे निरीक्षकाचा ठाण्यातला सर्वसाधारण कार्यकाळ २ वर्षांचा. कर्मचारी मात्र बरेचदा तुमच्या आधीपासून तिथे असतात आणि तुमच्यानंतरही राहतात. त्यांना हद्द माहीत असते, तुम्हाला नसते. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जुन्या हवालदाराला गाडीत पुढे बसवून हद्द फिरा. कोणत्या चौकात दिवे नाहीत, कोणता पोलीस पाटील खरं सांगतो, कोणत्या हॉटेलचं मागचं दार कुठे उघडतं, हे तोच सांगेल.

साप्ताहिक सुट्टीचा तक्ता लावा आणि पाळा. बंदोबस्तानं मोडली तर पुढच्या आठवड्यात भरून द्या. सलग चौदा दिवस जागलेला माणूस तक्रारदाराशी कसा बोलतो हे मी माझ्यावरूनच सांगू शकतो.

नव्वद दिवसांचा फोन हेही माणसांचंच काम. कायद्यानं इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही कळवता येतं, तरी मी संदेशासोबत फोन करायला लावायचो. "मावशी, साखळी अजून मिळाली नाही, पण दोन संशयितांचे जबाब झालेत," एवढंच. मावशी कधी चिडायच्या, कधी जेवलात का विचारायच्या. एकदा एका मावशींनी फोनवरच सांगितलं की त्या दिवशी घाबरून गाडीचा नंबर सांगायचा राहिला होता, शेवटचे दोन आकडे आठवतात. साखळी आठ दिवसांत मिळाली.

फळा लावलात की फोटो पाठवत जा. माझ्याकडे आजवर सतरा फळ्यांचे फोटो आले आहेत, आणि प्रत्येकावर निदान एक मुदत चुकीची लिहिलेली होती. बहुतेक वेळा ती १४ दिवसांची असते.